हिमावरील सांजप्रकाश आणि ‘छाया’ या शब्दाचे तीन अर्थ : हर्बर्ट पाँटिंग याच्या ध्रुवीय चित्रांचा विचार

१

‘फोटोग्राफी’ या शब्दास मराठीने ‘छायाचित्रण’ हा प्रतिशब्द स्वीकारला आणि तो रूढही झाला. १८३९ साली जॉन हर्शेल याने ग्रीक शब्दांच्या आधारे जो शब्द इंग्रजीत प्रचारात आणला, त्याचा मूळ अर्थ ‘प्रकाशलेखन’ असा आहे. त्यामुळे मराठी प्रतिशब्दावर एक आक्षेप सहज संभवतो. चित्र उमटते ते प्रकाशामुळे. मग त्याला ‘छाये’चे चित्र का म्हणावे? ‘प्रकाशचित्र’ असाही एक शब्द मराठीत वापरला गेला आहे, आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने तोच मुळाशी अधिक इमान राखणारा आहे, असे म्हणता येईल.

तथापि प्रतिशब्दाची योग्यता केवळ मूळ शब्दाशी जुळणाऱ्या व्युत्पत्तीवरून ठरत नाही. तो शब्द आपल्या भाषेत कोणते अर्थ बरोबर घेऊन येतो, हेही पाहावे लागते. ‘छाया’ या संस्कृत शब्दाचे अर्थक्षेत्र विस्तृत आहे. सावली हा त्याचा पहिला अर्थ. प्रतिबिंब किंवा प्रतिमा हा दुसरा. कांती, वर्ण, रंगाची झाक हा तिसरा. मराठीत पहिला अर्थ प्रबळ राहिला. दुसरा वाङ्मयीन भाषेत टिकला. तिसरा बहुतांशी ‘छटा’ या शब्दाकडे गेला. परंतु ‘छायाचित्र’ या समासात हे तिन्ही अर्थ सुप्तपणे नांदत आहेत, आणि एखाद्या छायाचित्राचे परीक्षण करताना ते वेगवेगळे काढून पाहिले, तर चित्राचे गुणदोष अधिक नेमकेपणाने सांगता येतात.

या पृथक्करणाची कसोटी घ्यावयाची तर बर्फाच्छादित भूमीच्या सायंकालीन चित्राइतका योग्य विषय दुसरा सापडणे कठीण. बर्फाला स्वतःचा म्हणावा असा रंग जवळजवळ नसतो. नुकत्याच पडलेल्या बर्फावर आलेल्या दृश्य प्रकाशापैकी शेकडा ८० ते ९० भाग परत फेकला जातो. म्हणून पडेल त्या प्रकाशाचा रंग तो घेतो. मावळतीचा प्रकाश तर क्षणोक्षणी पालटणारा असतो. अशा ठिकाणी सावली, वर्ण आणि प्रतिमा या तिहींचा संबंध कसा जुळतो अथवा तुटतो, हे प्रस्तुत लेखात हर्बर्ट जॉर्ज पाँटिंग (१८७०–१९३५) याच्या अंटार्क्टिकातील चित्रांच्या आधारे तपासावयाचे आहे.

२

पाँटिंग हा १९१० ते १९१३ या काळातील कॅप्टन स्कॉट याच्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेचा छायाचित्रकार. जपान, ब्रह्मदेश, हिंदुस्थान आदी देशांत हिंडून त्याने आधीच नाव मिळविले होते, आणि ‘कॅमेऱ्याचा कलावंत’ असे बिरुद तो स्वतःस आग्रहाने लावीत असे. जानेवारी १९११ मध्ये मोहिमेची तुकडी रॉस बेटावरील केप एव्हान्स येथे उतरली. तेथे उभारलेल्या लाकडी निवासात पाँटिंगला स्वतंत्र अंधारखोली मिळाली होती. मार्च १९१२ च्या आरंभी जहाजाने परत निघेपर्यंत त्याचे काम या परिसरात चालू होते.

केप एव्हान्स सुमारे ७७ अंश ३८ कला दक्षिण अक्षांशावर आहे. ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेणे अवश्य आहे. कारण ‘संध्याकाळ’ या शब्दाचा अर्थच तेथे बदलतो. मराठीतील सायंकालवाचक शब्द पाहावेत: सांज, तिन्हीसांजा, दिवेलागण, गोरज, कातरवेळ. हे सर्व शब्द एका लहानशा कालखंडावर बोट ठेवतात. महाराष्ट्रात सूर्यबिंब क्षितिजाखाली गेल्यावर पंचवीस मिनिटांच्या आत तो सहा अंश खाली उतरतो आणि घरोघर दिवा लावण्याची वेळ होते. यांतील प्रत्येक शब्दात काहीतरी संपत असल्याची, घाईने आवरून घेण्याची भावना आहे. गुरे परतावयाची असतात, दिवा लावावयाचा असतो, मन कातर व्हावयाचे असते.

केप एव्हान्स येथे २१ मार्चच्या सुमारास भरमाध्यान्हीचा सूर्यदेखील क्षितिजापासून जेमतेम बारा अंश वर असतो. तो तिरकस वाटेने घसरत मावळतो. त्यामुळे वर सांगितलेले सहा अंश उतरण्यास त्याला सुमारे दोन तास लागतात, आणि एप्रिलमध्ये त्याहूनही अधिक. दिवस झपाट्याने आखूड होत जातो आणि एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात सूर्य जो जातो, तो ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत परत येत नाही. अर्थात् मार्च-एप्रिल हे दोन महिने मिळून एकच दीर्घ संध्याकाळ होते. तेथील सांज ही दिवसाची वेळ नसून वर्षाचा ऋतू आहे.

या ऋतूचा लाभ छायाचित्रकाराला दुहेरी होता. इतरत्र काही मिनिटे टिकणारा आडवा प्रकाश त्याला तासन् तास मिळत होता. जागा निवडून, माणसे उभी करून, काच बदलून पुन्हा चित्र घेणे शक्य होते. त्याच वेळी समुद्र गोठू लागलेला असल्यामुळे पाणी, कोवळा बर्फ आणि जुना बर्फ अशी तीन प्रकारची पृष्ठे एकाच चौकटीत येत होती. उलट बाजूस थंडीचा त्रास होता. उच्छ्वासाची वाफ भिंगावर गोठे. उघड्या धातूस त्वचा चिकटे. बाहेर थंड झालेला कॅमेरा उबदार खोलीत आणताच त्यावर दव साचे. या अडचणी पाँटिंगने ‘द ग्रेट व्हाइट साउथ’ या १९२१ च्या ग्रंथात सविस्तर वर्णिल्या आहेत. येथे त्यांची इतकीच नोंद पुरे.

३

आता ‘छाये’चा पहिला अर्थ, म्हणजे सावली. हिमप्रदेशाच्या वर्णनात मराठी लेखकाच्या लेखणीतून ‘शुभ्र’ आणि ‘धवल’ ही विशेषणे आपोआप उतरतात. छायाचित्राच्या दृष्टीने मात्र शुभ्रता ही संपत्ती नसून उणीव आहे. ढगाळ दुपारी सर्व बाजूंनी सारखाच प्रकाश येतो. तेव्हा बर्फाचा उंचवटा कोणता आणि खळगा कोणता, हे प्रत्यक्ष डोळ्यालाही कळेनासे होते आणि चालणारा मनुष्य ठेचाळतो. अशा वेळी घेतलेले चित्र म्हणजे कोरा कागद. बर्फाला आकार देते ती सावली. आणि सावली लांबते ती सूर्य खाली आल्यावर. वाऱ्याने कोरलेल्या कठीण हिमलाटांना ध्रुवीय प्रवासी ‘सास्त्रुगी’ या मूळच्या रशियन शब्दाने ओळखतात. वीतभर उंचीच्या या लाटा दुपारी नाहीशा झाल्यासारख्या भासतात. परंतु आडव्या किरणांत प्रत्येकीच्या मागे तिच्या उंचीच्या कित्येक पट लांब सावली पडते आणि सपाट वाटणारी भूमी नांगरलेल्या शेतासारखी दिसू लागते. ‘प्रकाशचित्र’ या शब्दाहून ‘छायाचित्र’ हा शब्द येथे अधिक सत्य ठरतो. उजेड तर सर्वत्रच आहे. चित्र घडते ते जेथे तो अडला तेथे.

परंतु ही सावली काचेवर उतरविणे त्या काळी वाटते तितके सोपे नव्हते. जुन्या प्रकारच्या साध्या काचा मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील असत. १८७३ मध्ये फोगल याने लावलेल्या शोधानंतर हिरव्या-पिवळ्या प्रकाशाचीही नोंद घेणाऱ्या काचा निघाल्या. तरी त्यांचा निळ्याकडील पक्षपात उरलाच, आणि तांबड्या प्रकाशाबाबत त्या जवळजवळ आंधळ्याच राहिल्या. आता बर्फावरील सावलीचा विचार करावा. तेथे सूर्याचे प्रत्यक्ष किरण पोहोचत नाहीत. तेथे पोहोचतो तो आकाशाचा निळा प्रकाश. म्हणजे डोळ्यास गडद दिसणारी सावली निळ्यास पक्षपाती असलेल्या काचेला मात्र उजळ भासणार. उलट सूर्याने उजळलेला भाग मावळतीच्या वेळी पिवळा-तांबूस होतो, आणि तो काचेला मंद भासणार. डोळ्याने पाहिलेला सर्व विरोध काचेवर आल्यावर पुसट होण्याचा, प्रसंगी उलटण्याचाही, हा धोका होता. भिंगापुढे पिवळी गाळणी लावून निळा प्रकाश रोखणे हा त्यावरील त्या काळचा उपाय. पण गाळणीने प्रकाश आणखी घटे आणि काच अधिक वेळ उघडी ठेवावी लागे. शिवाय मावळतीस निळा प्रकाश डोळ्याला जाणवतो त्याहून अधिक वेगाने कमी होत असल्यामुळे ‘अजून पुष्कळ उजेड आहे’ हा डोळ्याचा कौल फसवा ठरे. विजेवर चालणारे प्रकाशमापक बाजारात आले ते १९३० नंतरच्या दशकात. त्यापूर्वीचा आधार म्हणजे अनुभव आणि कोष्टके.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे पाँटिंगच्या एका आवडत्या पद्धतीचे मर्म उलगडते. तो अनेकदा सूर्याकडे तोंड करून चित्र घेतो. सूर्य ढगाआड किंवा हिमकड्याआड ठेवलेला असतो. पुढील भाग काळवंडतो आणि मधल्या गोठत्या समुद्रावर प्रकाशाचा एक पट्टा उरतो. ही निवड केवळ नाट्यासाठी आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तिच्यामागे एक तांत्रिक विवेकही आहे. समोरून येणाऱ्या प्रकाशात काळे आणि पांढरे यांतील अंतर इतके मोठे असते की, काचेच्या रंगविषयक पक्षपाताने ते पुसले जात नाही. जे माध्यम रंगाबाबत अविश्वसनीय आहे, त्यात रंगावर अवलंबून नसलेली रचना करणे, ही शहाणपणाची गोष्ट होय.

याच संदर्भात त्याच्या चित्रांतील लहानशा मानवाकृतींचा विचार करावा. ‘एरिबसचे तट’ या आशयाच्या शीर्षकाने प्रसिद्ध असलेल्या चित्रात हिमाच्या प्रचंड भिंतीपुढे स्लेजगाडीसह एक मनुष्य दिसतो. तो नसता तर भिंत दहा हात उंच की हजार हात, हे कळण्यास मार्ग नव्हता. बर्फाच्या आकारांना स्वतःचे परिमाण नसते. लहान ढेकूळ आणि मोठा डोंगर सारखेच दिसतात. काळी मानवाकृती ही त्या चित्रातील मोजपट्टी आहे. ती तशी दिसावी म्हणून पाँटिंग सहकाऱ्यांना थंडीत दीर्घकाळ उभे करी, आणि त्यातून मोहिमेच्या बोलीत एक नवे क्रियापद जन्मास आले. ग्रिफिथ टेलर या भूशास्त्रज्ञाने ‘पाँट’ असा धातू रूढ केला. गोठून जाईपर्यंत अवघड अवस्थेत छायाचित्रासाठी उभे राहणे, हा त्याचा अर्थ. विशेषनामापासून धातू बनण्याची ही प्रक्रिया आपल्या व्याकरणातील नामधातूच्या जातीची आहे. थट्टेने बनलेल्या या शब्दाने एक सत्य अचूक पकडले आहे: ही चित्रे सहज सापडलेली नसून योजनापूर्वक रचलेली आहेत. टीकाकाराने हे सत्य दोष म्हणून नव्हे, तर वाचनाची पहिली अट म्हणून स्वीकारले पाहिजे.

सावलीच्या या विवेचनास एक विरोधी उदाहरण उपकारक होईल. केप एव्हान्सजवळ किल्ल्याच्या आकाराचा एक हिमनग अडकून पडला होता. मोहिमेतील मंडळी त्याला ‘कॅसल बर्ग’ म्हणत. पाँटिंगने त्याची चित्रे निरनिराळ्या वेळी घेतली. जून १९११ मध्ये, ऐन ध्रुवीय रात्रीत, त्याने स्फोटक चूर्णाच्या कृत्रिम प्रकाशात त्याचे चित्र घेतले. आणि सप्टेंबरमध्ये, सूर्य परतल्यानंतर, कुत्र्यांच्या स्लेजगाडीसह पुन्हा घेतले. जूनचे चित्र हा साहसाचा विलक्षण नमुना आहे. काळोखातून तो किल्ला भुतासारखा पुढे येतो. परंतु त्या चित्राला स्थळ नाही. प्रकाश कॅमेऱ्याच्या जवळून आलेला असल्याने हिमनगामागील जगाशी त्याचा संबंध तुटतो. क्षितिज नाही, वेळ नाही. सप्टेंबरच्या चित्रात नग त्याच प्रकाशात उभा आहे ज्यात गाडी, कुत्री आणि दूरचे क्षितिज आहे. पहिल्यात वस्तू दिसते. दुसऱ्यात वस्तूचे जगातील स्थान दिसते. नैसर्गिक आडव्या प्रकाशाचे श्रेष्ठत्व सिद्ध करण्यास याहून वेगळा पुरावा नको.

४

‘छाये’चा दुसरा विचारात घ्यावयाचा अर्थ वर्ण किंवा रंगच्छटा हा होय, आणि पाँटिंगच्या कार्यातील खरा पेच येथेच आहे. ध्रुवीय सांजेचे वैभव प्रामुख्याने रंगाचे आहे. ते काळ्या-पांढऱ्या काचेवर येत नाही. मग ते टिकवावे कसे? केप एव्हान्सच्या त्या एका छपराखाली या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली.

पहिले उत्तर डॉ. एडवर्ड विल्सन (१८७२–१९१२) याचे. तो मोहिमेच्या शास्त्रीय विभागाचा प्रमुख, पेशाने वैद्य, प्राणिशास्त्रज्ञ आणि जलरंगात चित्रे काढणारा. टर्नरच्या चित्रांचा आणि रस्किनच्या लेखनाचा चाहता. उघड्यावर जलरंग गोठत असल्याने तो शिसपेन्सिलीने रेखाटन करी आणि ठिकठिकाणी रंगांची नावे लिहून ठेवी. मग निवासात येऊन त्या टिपणांच्या आधारे चित्र रंगवी. हिवाळ्यात त्याला हे काम अॅसिटिलीन वायूच्या दिव्याखाली करावे लागे, म्हणजे समोरच्या रंगवडीवरील रंगही दिवसाच्या उजेडात असतात तसे दिसत नसत. सारांश, पाहणे आणि रंगविणे यांच्यामधला एकमेव पूल शब्दांचा होता.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही प्रक्रिया अत्यंत उद्बोधक आहे. आकाशातील रंग अखंड असतो. एका टोकाचा नारिंगी दुसऱ्या टोकाच्या हिरवट निळ्यात कोठे मिळाला, हे सांगता येत नाही. शब्द मात्र खंड पाडतो. प्रत्येक भाषा हे खंड आपल्या रीतीने पाडते आणि मधल्या जागा भरण्यासाठी साधने निर्माण करते. मराठीत ‘निळसर’, ‘तांबूस’, ‘पिवळट’, ‘पांढुरका’ अशी प्रत्ययसिद्ध रूपे आहेत. त्यांतील ‘-ट’ने बहुधा किंचित् नापसंती सूचित होते, तर ‘-सर’ तटस्थ राहतो. म्हणजे रंगाचे नाव घेताच त्याच्या सान्निध्यातील भावही नोंदला जातो. विल्सनच्या टिपणात निवड झालेली असते: या जागी हा रंग महत्त्वाचा, तो दुय्यम. काच अशी निवड करीत नाही. म्हणून विल्सनची चित्रे रंगाच्या बाबतीत पाँटिंगच्या चित्रांहून पुढे जातात, तर हिमपृष्ठाच्या घडणीच्या बाबतीत मागे राहतात.

दुसरे उत्तर स्वयंवर्णी काचेचे. ल्यूमिएर बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेल्या ‘ऑटोक्रोम’ काचेवर बटाट्याच्या पिठाचे नारिंगी-तांबडे, हिरवे आणि निळे-जांभळे असे रंगविलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. त्यांतून गाळून आलेल्या प्रकाशाने रंगीत चित्र उमटे. पाँटिंगने अशा काही काचा मावळतीच्या चित्रांसाठी वापरल्या. परंतु या काचांना साध्या काचेच्या अनेक पट प्रकाश लागे. आणि मावळतीस नेमका प्रकाशच अपुरा. जो रंग टिपावयाचा तो काचेवर उतरेपर्यंत बदलून जाई. हा मार्ग तत्त्वतः योग्य, पण व्यवहारात तोकडा ठरला, आणि पाँटिंगची कीर्ती त्या काचांवर उभी राहिली नाही.

तिसरे उत्तर मुद्रणाचे, आणि टीकेस पात्र आहे ते हेच. मोहिमेनंतर, १९१३ साली, लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीत पाँटिंगच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. ही मोठी चित्रे कार्बन पद्धतीने छापलेली होती. या पद्धतीत प्रतिमा चांदीची नसते. जिलेटिनमध्ये मिसळलेल्या रंगद्रव्याची असते. ते रंगद्रव्य मुद्रकाने निवडावयाचे. त्यामुळे पाँटिंगची कार्बन मुद्रणे निळी, हिरवी अशा निरनिराळ्या वर्णांत आढळतात. चलच्चित्रांतही त्याने हाच मार्ग पत्करला. १९२४ साली प्रदर्शित झालेल्या ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’ या चित्रपटाच्या फितीला प्रसंगानुरूप रंग दिले होते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० साली त्याचे पुनरुज्जीवन केले तेव्हा ते रंगही पुन्हा आणले गेले.

या निळ्या वर्णाच्या बाजूने एक समर्थन संभवते. बर्फावरील सावली खरोखरच निळी असते. मग निळे मुद्रण अधिक सत्य नव्हे काय? वरवर बिनतोड वाटणारे हे समर्थन तपासणीत टिकत नाही. हिमावरील सांजप्रकाशाचे सत्य एका रंगात नाही. ते दोन रंगांच्या विरोधात आहे. किरण पडलेला भाग उबदार, सावलीचा भाग थंड. एक तांबूस, दुसरा निळसर. आणि सूर्य जसजसा खाली जातो तसतसे दोहोंतील अंतर आधी वाढते व मग मिटते. संपूर्ण चित्रावर एकच निळा रंग चढविला, म्हणजे ज्या भागाने तांबूस असावयास हवे तोही निळा होतो. ज्या विरोधासाठी सांजेची वेळ निवडली, तो विरोधच मुद्रणाने नष्ट केला. राखी, करडे मुद्रण रंगाविषयी मौन पाळते. निळे मुद्रण रंगाविषयी बोलते आणि अर्धे असत्य बोलते.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर या मुद्रणातील रंग हे विशेषण आहे, विधेय नव्हे. ‘बर्फ निळसर झाला’ या वाक्यात रंग ही एक घटना आहे. काही वेळापूर्वी तो तसा नव्हता आणि थोड्या वेळाने राहणारही नाही. ‘निळसर बर्फ’ या पदबंधात तीच घटना गोठून गुण बनते. सांजेचे वर्णन करताना क्रियापद टाकून विशेषणावर भिस्त ठेवणारा लेखक जी चूक करतो, तीच चूक पाँटिंगच्या रंगीत मुद्रणांत झाली आहे. मूळ काचांतील करड्या श्रेणीत, जेथे गोठत्या समुद्रावरील उजळ पट्टा कडांकडे हळूहळू काळवंडत जातो, तेथे मात्र क्रियापद शिल्लक आहे. प्रकाश जात असल्याचे तेथे दिसते. पाँटिंगच्या काचांचा मोठा संग्रह केंब्रिज येथील स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेने २००४ साली मिळविला. त्यामुळे मुद्रणांवरील वर्ण बाजूस ठेवून या चित्रांचा विचार करणे अभ्यासकांस सुलभ झाले आहे.

५

उरला तिसरा अर्थ: प्रतिबिंब, प्रतिमा. चित्र पाहणारा त्यात काय पाहतो, हा प्रश्न येथे येतो.

स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एव्हान्स हे पाच जण १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. नॉर्वेजियन तुकडी त्यांच्या आधी तेथे येऊन गेली होती. परतीच्या वाटेवर पाचही जण मृत्यू पावले. ही वार्ता जगास कळली फेब्रुवारी १९१३ मध्ये, आणि पाँटिंगची चित्रे प्रदर्शनात मांडली गेली ती त्यानंतर. परिणामी प्रेक्षकांनी या चित्रांतील प्रत्येक मावळता सूर्य मृतांसाठी मावळताना पाहिला. एकाकी मानवाकृती ही मोजपट्टी न राहता नियतीपुढे उभी असलेली आकृती झाली. पुढील काळातील बहुतेक लेखनाने हाच सूर चालविला, आणि पाँटिंगनेही आयुष्याची उरलेली वर्षे या चित्रांची व्याख्याने आणि चित्रपट यांत वेचून त्याला हातभारच लावला.

हे वाचन भावनेच्या दृष्टीने समजण्याजोगे आहे. टीकेच्या दृष्टीने ते ग्राह्य नाही. मार्च-एप्रिल १९११ मध्ये ही चित्रे घेतली गेली तेव्हा सर्व मंडळी सुखरूप होती, पुढील वर्षाच्या बेतात गुंतलेली होती आणि ‘पाँट’ या धातूवर हसत होती. त्या काचांवर उमटलेला प्रकाश शोकाचा नव्हे. सायंकाळ म्हणजे अंत, हे समीकरण प्रेक्षकाने आपल्या भाषेतून आणि आपल्या अक्षांशावरून बरोबर आणलेले असते. मराठी वाचकाने तर येथे विशेष सावध राहावे. कारण ‘कातरवेळ’ हा शब्द मनात येताच ही चित्रे कातर दिसू लागतात, आणि तो कातरपणा चित्राचा की शब्दाचा, हे ओळखू येईनासे होते.

प्रत्यक्ष वस्तुस्थिती या समीकरणाला छेद देणारी आहे. मोहिमेतील सर्वांत शोकपूर्ण छायाचित्र सांजेचे नाहीच. १८ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पाचही जण कॅमेऱ्यासमोर बसले-उभे राहिले, आणि बॉवर्सने दोरी ओढून ते चित्र घेतले. ध्रुवावरील जानेवारी म्हणजे अहोरात्र दिवस. त्या चित्रात मावळतीची लांब सावली नाही, रंगाचा मोह नाही. पाँटिंगने हिवाळ्यानंतर स्कॉट, बॉवर्स आदींना छायाचित्रणाचे जे पाठ दिले, त्यांचे ते फळ होते. ती फिल्म १२ नोव्हेंबर १९१२ रोजी सापडलेल्या तंबूतून परत आणली गेली आणि केप एव्हान्स येथे डेबनहॅम याने ती धुतली. त्या पाच चेहऱ्यांवर जे दिसते, ते दाखविण्यास कोणत्याही सांजप्रकाशाची गरज पडली नाही.

उलट, स्कॉट आणि त्याचे शेवटचे दोन सोबती ज्या दिवसांत तंबूत मरण पावले, ते मार्च १९१२ चे अखेरचे दिवस म्हणजे ध्रुवीय वर्षाची खरी संध्याकाळ होती. त्या संध्याकाळी पाँटिंग अंटार्क्टिका सोडून गेलेला होता आणि रंगांची नावे लिहून ठेवणारा विल्सन त्या तंबूतच होता. त्या सांजेचे छायाचित्र नाही. ज्यांना १९११ च्या चित्रांत ते दिसते, ते दुसऱ्या वर्षाचा प्रकाश पहिल्या वर्षाच्या काचेवर टाकून पाहत असतात.

६

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. सावली या अर्थी पाँटिंगची सायंकालीन हिमचित्रे प्रथम श्रेणीची आहेत; माध्यमाच्या मर्यादा ओळखून त्या मर्यादेतच आकार, अंतर आणि परिमाण यांची प्रतीती देण्याचे कौशल्य त्यांत आहे. वर्ण या अर्थी त्यांनी जेथे मौन राखले तेथे ती सत्य राहिली, आणि जेथे मुद्रणातील रंगद्रव्याने बोलण्याचा प्रयत्न केला तेथे डळमळली. रंगाच्या क्षेत्रात विल्सनची शब्दांकित रेखाटने त्यांहून अधिक विश्वसनीय आहेत. प्रतिमा या अर्थी त्यांच्यावर उत्तरकालीन शोकाचा जो थर चढला आहे, तो चित्राचा भाग मानता येत नाही.

‘छायाचित्र’ हा मराठी शब्द बदलण्याचे कारण नाही. मात्र त्यातील तीन अर्थांची गल्लत होऊ न देण्याची जबाबदारी तो वापरणाऱ्यावर आहे. सावली वस्तूची असते, वर्ण प्रकाशाचा असतो, आणि प्रतिमा पुष्कळ अंशी पाहणाऱ्याची असते. केप एव्हान्सच्या काचांवर यांतील पहिली गोष्ट निःसंशय उमटली आहे. उरलेल्या दोहोंचे श्रेय किंवा दोष त्या काचांच्या माथी मारण्यापूर्वी प्रत्येक चित्राबाबत तो मुद्रकाचा, प्रेक्षकाचा की भाषेचा, हे वेगळे करून पाहावे लागेल.